गुरुवारी अडणारा महिपती

त्या गुरुवारी दीपमालाचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू झाला. वारज्यातल्या त्या गल्लीत नळाला पाणी त्याच सुमाराला येतं आणि उजाडायच्या आत जातं. आधी पिण्याचे दोन हंडे, मग पिंप, शेवटी संडासातली बादली. हा क्रम ती मोडत नाही. नळी लावली की धार बारीक होते, म्हणून पिंप ती कळशीनं भरते. फेऱ्या जास्त होतात, पण पाणी जायच्या आत पिंप भरतं.

आई, मालनबाई, तोवर उठून भिंतीला टेकून बसली होती. तिचे गुडघे गेलेत. आयुष्यभर पुसदकडे दुसऱ्यांच्या शेतात निंदणी केली, ती उकिडवं बसूनच. आता उकिडवं बसता येत नाही, आणि खोलीतला संडास तर बसायचाच. आत गेली की उठताना ती दाराची कडी धरून अंग ओढते. कडीचे स्क्रू दोनदा निघाले, दीपमालानं दोनदा लांब स्क्रू घालून बसवले. संध्याकाळी दिवे लागले की मालनबाई पाणी पीत नाही. रात्री उठावं लागू नये, हे त्यामागचं कारण. उन्हाळ्यातसुद्धा पीत नाही.

"एक कप चहा तरी घे पूर्ण," दीपमाला म्हणाली.

"अर्धा पुरे व माय. तू निघ. आज गुरुवार हाय ना? तुह्यं ते यंत्र आज रुसते."

"आज नाही रुसणार."

"मागच्या गुरुवारीबी असंच म्हणली होती."

खोलीच्या मालकाला दीपमालानं कमोड बसवण्याबद्दल विचारलं होतं. माणूस सरळ होता. म्हणाला, "फरशी फोडायला माझी ना नाही. खर्च तुमचा. पण वर्षभर राहणार असाल तरच. दोन महिन्यांनी खोली सोडलीत, तर फोडलेली फरशी मी काय डोक्यावर घेऊ?" बोलणं रास्त होतं. अडचण अशी की दीपमालाची नोकरी महिन्या-महिन्याची होती. वर्षाचा शब्द ती कशाच्या जोरावर देणार? आणि आता तर हा महिनाही धड जाईल की नाही, याची शंका होती. नोकरी गेली तर खोली जाणार. आईला भावाकडे गावी पाठवावं लागणार, आणि तिथला संडास अंगणापलीकडे, तीन पायऱ्या चढून.

नोकरी अडली होती महिपतीपाशी.

महिपती हे एका यंत्राचं नाव. दीपमाला ज्या तंत्रनिकेतनात काम करते, तिथल्या सगळ्या संगणकांचं इंटरनेट या एका यंत्रातून जातं. मुलानं एखादं पान मागितलं की मागणी आधी महिपतीकडे येते. महिपती बाहेर जाऊन ते पान आणतो आणि मुलाला देतो. अशा यंत्राला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. ते नीट चालवणं हे दीपमालाचं काम. आणि हे यंत्र गेले कित्येक गुरुवार सकाळी मध्येच अडत होतं. पंखा घरघरायला लागायचा. यंत्रातला कष्ट करणारा भाग म्हणजे प्रोसेसर, अर्थात सीपीयू. पडद्यावर त्याचा आकडा शंभर टक्क्यांना जाऊन चिकटायचा. आणि बाहेर मात्र एक पान येत नसे. मोटार गरम होतेय, आवाज करतेय, आणि टाकीत थेंब नाही, तसं.

मग कुणीतरी बटण दाबून यंत्र बंद करायचं, परत सुरू करायचं. कधी लगेच चालायचं, कधी परत अडायचं. ऑफिसात पक्कं ठरून गेलं होतं, की महिपतीला गुरुवारी दोनदा झोपवून उठवावं लागतं.

दीपमालानं हात चालवले नव्हते असं नाही. आधी तिला वाटलं, मुलं क्रिकेट बघतात. तिनं ते बंद केलं. गुरुवारी यंत्र अडलंच. मग तिनं यंत्र उघडून पंख्यातली धूळ ब्रशनं काढली, तापलेल्या भागावरचा जुना लेप खरवडून नवा लावला. यंत्र थंड झालं आणि गुरुवारी थंडपणानं अडलं. मग तिनं जास्त मेमरी मागितली. संस्थेचे मालक संभाजीआप्पा यांनी कुरकुरत ती आणून दिली. तिसऱ्या गुरुवारीही तेच.

तेव्हा आप्पा म्हणाले होते, "मॅडम, तुमच्या कष्टाबद्दल माझी तक्रार न्हाय. पण बाणेरची एक कंपनी मागं लागलीय. सगळं ते बघणार म्हणत्यात. पुढच्या गुरुवारी पोरांची ऑनलाइन परीक्षा हाय. त्या दिवशी यंत्र बसलं, तर पुढच्या महिन्यापासनं कंपनी. मग मला वाईट म्हणू नका."

तो गुरुवार हाच.

तंत्रनिकेतन गावठाणाच्या कडेला आहे. जमीन आप्पांच्या आजोबांची, महिपती पाटलांची. रस्ता आला, जमिनीला भाव आला, शेताची इमारत झाली. आजोबांमागे नातवांत, म्हणजे संभाजीआप्पा आणि चुलतभाऊ रणजित यांच्यात वाटणी झाली. अशी काटेकोर की बोअर एक आणि त्यावर मोटारी दोन. आवारात मधोमध भिंत. अलीकडे आप्पांचं तंत्रनिकेतन, पलीकडे रणजितची अभ्यासिका, स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी. सर्व्हर आधी एकच होता, आजोबांच्या नावाचा. वाटणीत त्याच्यासारखा हुबेहूब दुसरा करून घेतला. आत जे होतं ते जसंच्या तसं उतरवलं. नावावरून मात्र तंटा झाला. आजोबांचं नाव सोडायला दोघांपैकी एकही तयार होईना. शेवटी दोन्ही यंत्रांचं नाव महिपतीच राहिलं. तेव्हा दीपमाला इथे नव्हती. यंत्रं बसवणारा माणूस काम आटोपून निघून गेला.

परीक्षा सुरू झाली. प्रयोगशाळा भरलेली. दीपमाला सर्व्हरच्या खोलीत स्टूल घेऊन पडद्यासमोर बसली होती. तिनं मनाशी एकच ठरवलं होतं. आज बटण दाबायचं नाही. बटण दाबलं की यंत्र सुरू होतं, पण ते का अडलं हे पुसलं जातं. बंद करून चालू करणं ही दुरुस्ती नव्हे.

बराच वेळ आकडा दहाच्या आसपास खेळत होता. मग अचानक चाळीस. ऐंशी. शंभर. पंखा गरजायला लागला. प्रयोगशाळेतून ओरडा आला, "मॅडम, पेज लोड होत नाही!"

आप्पा जिना चढून आले. धाप लागली होती. "बसलं?"

"हो आप्पा."

"मग बघत काय बसलाय? दाबा बटण!"

"नाही दाबत. मला जरा वेळ द्या. आज दाबलं तर पुढच्या गुरुवारी परत इथंच उभे राहू आपण."

"पुढच्या गुरुवारी तुम्ही असाल का हितं, ते बघा आधी," आप्पा म्हणाले. पण बटणाला त्यांनीही हात लावला नाही. दाराशीच उभे राहिले.

महिपतीकडे येणारी प्रत्येक मागणी एका नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, उतरते. कुणी मागितलं, काय मागितलं. पडद्यावर त्या ओळी पाण्याच्या लोंढ्यासारख्या वर सरकत होत्या. दीपमालानं त्या थांबवल्या आणि वाचल्या. तिला वाटलं होतं, मागणारी प्रयोगशाळेतली मुलं असतील. पण बहुतेक सगळ्या ओळींत मागणारा एकच होता. भिंतीपलीकडचा महिपती.

तिनं फोन लावला. पलीकडचं यंत्र केयूर बघतो. कसबा पेठेतला मुलगा, वयानं तिच्याएवढाच. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे मालक एकमेकांशी बोलत नाहीत, पण हे दोघे बोलतात. चहाची टपरी एकच आहे.

"केयूर, तुमचं चाललंय का?"

"छे हो. आमचाही आडवा झालाय. सीपीयू हंड्रेड. इथे पोरं माझ्याकडे असं बघतायत, जणू इंटरनेट मी खिशात घालून बसलोय. रीस्टार्ट मारतो आता."

"मारू नका! लॉग बघा आधी. मागतंय कोण?"

थोडा वेळ नुसत्या बटणांचा आवाज. मग केयूर म्हणाला, "तुम्ही."

"मी?"

"तुमचा महिपती. परीक्षेची पानं मागतोय. आम्हाला कसली आलीय परीक्षा?"

"आणि माझ्याकडे तीच पानं तुमचा महिपती मागतोय."

"म्हणजे तुम्ही मला देणार, मी तेच पाकीट न उघडता तुम्हाला देणार. अहो, हा तर लग्नातला आहेर झाला! फिरतोय नुसता."

दीपमालाच्या लक्षात आलं. भिंतीत एक भोक आहे आणि त्यातून एक निळी वायर जाते, दुसरं यंत्र येणार म्हणून वाटणीच्या वेळी घातलेली. पहिल्या यंत्राला तेव्हाच सांगून ठेवलेलं: बाहेरची लाइन बंद पडली तर शेजाऱ्याकडे माग. विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जावं, तसं. व्यवस्था चांगली होती. पण दुसरं यंत्र जसंच्या तसं उतरवलं, तेव्हा हा सांगावाही उतरला. आता शेजाऱ्याकडेही विरजण नसलं, तर शेजारी परत हिच्याच दारात वाटी घेऊन उभा. ही परत त्याच्याकडे. दारं उघडता-उघडता दोघांचा जीव जायची वेळ, आणि दही कुणाकडेच नाही.

"मी निळी वायर काढते," ती म्हणाली आणि वायर उपसली.

आकडा शंभरावरून घसरला. साठ, वीस, चार. पंखा शांत झाला. आप्पा पुढे आले. "झालं?"

"अर्धं झालं. यंत्राला काही झालेलं नाही आप्पा. बाहेरची लाइनच बंद आहे. म्हणून दोघं एकमेकांकडे मागत होते."

"लाइन बंद? दर गुरुवारी? केबलवाल्याला इचारलं तर म्हणतो, लाइन चोवीस तास चालू."

"त्यानं लाइन बघेपर्यंत ती परत येत असेल."

"आणि रणजितची?"

"त्यांचीही तीच लाइन. पूर्वी दोन वेगळ्या कंपन्या होत्या. हा केबलवाला स्वस्त म्हणून आपण घेतला, आपण घेतला म्हणून त्यांनीही घेतला. दोन्ही वायरी समोरच्या खांबावरच्या एकाच पेटीतून येतात."

पंख्याची घरघर थांबल्यामुळे आता बाहेरचं ऐकू येत होतं. रस्त्यापलीकडून टक, टक, टक असा आवाज येत होता, एका लयीत. दगडावर लोखंड. दीपमालानं खिडकीतून पाहिलं. खांब. खांबावर पेटी. पेटीतून निघालेली एक काळी वायर पत्र्याखालून सुखदेवमामांच्या पिठाच्या गिरणीत गेलेली.

तिला आईचं बोलणं आठवलं. मालनबाई तिच्याजवळ याच गिरणीत दळायला ज्वारीचा डबा देते, कारण वारज्यातला गिरणीवाला बारीक दळत नाही. आणि निघताना बजावते, "गुरुवारी नेऊ नको व. थो मामा गुरुवारी टाकी लावते."

दीपमाला जिना उतरली. मागून आप्पा उतरले.

गिरणीचं अर्धं शटर खाली होतं. आत सुखदेवमामा मांडी घालून बसले होते. वरचा दगड उतरवून उलटा ठेवलेला, आणि हातात छिन्नी. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग पीठ पडत नाही, धान्य नुसतं चेंगरतं. म्हणून त्याला छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात. याला टाकी लावणं म्हणतात. मामा ते दर गुरुवारी करतात, सकाळचं गिऱ्हाईक झालं की. हात दगडात असताना कुणी चुकून बटण दाबलं तर हात जाईल, म्हणून गिरणीचा मेन स्विच आधी खाली ओढतात. वडिलांनी लावलेली सवय. मेन स्विचवर लाल कापड बांधलेलं होतं.

"मामा, खांबावरच्या पेटीला वीज तुमच्या मीटरमधून जाते?"

"जाते की. केबलवाल्यानं जोडलीय. त्याच्या बदल्यात मला वायफाय फुकट." मामांनी छिन्नी थांबवली नाही. "का? काय झालं?"

आप्पा स्विचकडे पाहत म्हणाले, "सुखदेव, अरं, तुझ्या ह्या दांडक्यापायी माझं अख्खं कालेज बंद पडतंय! वर कर ते."

"आप्पा, माझा हात दगडात हाय."

"मग काढ की हात!"

"आता काढला तर टाकी अर्धी राहील. वरच्या आळीचं सगळं दळण दुपारी येणार. खसखशीत पडलं, तर त्या बाया तुमच्या दारात येणार न्हाईत, माझ्या येतील."

दीपमाला म्हणाली, "राहू द्या आप्पा. मामांचं काम होऊ द्या. स्विच खाली ठेवतात ते बरोबरच आहे." ती बाहेर गेली आणि केयूरला फोन केला. "गिरणी. टाकी लावतायत."

"काय?" केयूर म्हणाला. "आमच्या पोरांचं करिअर ज्वारीवर अडलंय म्हणता?"

मामांनी शेवटची खाच पाडली, हातानं दगड पुसला, बोटांनी चाचपला. एका ठिकाणी परत चार ठोके मारले. मग दगड चढवला, अवजारं गोळा केली, लाल कापड सोडलं आणि स्विच वर केला. खांबावरच्या पेटीत हिरवा दिवा लागला. वर प्रयोगशाळेत पानं यायला लागली. परीक्षेची वेळ तेवढी वाढवून घेतली आणि परीक्षा पार पडली. बटण कुणी दाबलं नाही.

पण काम तिथं संपत नव्हतं. वायर उपसून ठेवणं सोपं होतं. पण कधी एकाचीच लाइन गेली, तर शेजारी कामाला येतो. ती सोय तोडणं दीपमालाला पटेना. दुपारी ती आणि केयूर टपरीवर बसले आणि दोन्ही यंत्रांच्या सगळ्या सूचना ओळ न ओळ तपासल्या. दोष सापडला. प्रत्येक प्रॉक्सी मागणी पुढे पाठवताना तिच्यावर आपल्या नावाचा शिक्का मारतो. आपलाच शिक्का असलेली मागणी परत दारात आली, तर त्याला कळतं की ही फिरून आली आहे, आणि तो तिला तिथंच थांबवतो. इथं दोघांचं नाव एकच. पलीकडून आलेली साधी मागणीही अलीकडच्याला आपलीच वाटायची, आणि तो ती परतवायचा. बसवणाऱ्यानं त्यावर सोपा उपाय केला होता. शिक्काच बंद करून टाकला. त्यामुळे मागणी फिरली तरी ओळखायला कुणी नाही.

"नावं वेगळी करायची आणि शिक्का सुरू करायचा," दीपमाला म्हणाली.

"नावं वेगळी?" केयूर हसला. "आमचे रणजितराव म्हणतील, आमचा महिपती, तुम्ही बदला. तुमचे आप्पाही तेच म्हणतील. मग कोर्ट."

झालंही तसंच. आप्पा म्हणाले, "आजोबाचं नाव पुसायचं न्हाय." दीपमालानं सांगितलं, की यंत्रावरची पाटी तशीच राहील, फक्त यंत्राच्या पोटातलं नाव बदलायचं, जे यंत्रालाच दिसतं. तेव्हा आप्पा म्हणाले, "म्हाताऱ्याची बैलं होती दोन. चांद्या नि गुलब्या. आमी दोघं पोरं होतो, तवा मी चांद्यावर बसायचो आणि रणजित गुलब्यावर. रणजितला म्हणावं, गुलब्या घे. तो न्हाय म्हणायचा न्हाय."

केयूरनं निरोप दिला. रणजितराव म्हणाले, "चांद्या मारका होता. आप्पाला शोभतो." म्हणजे मान्य केलं.

अलीकडचा चांद्या झाला, पलीकडचा गुलब्या. शिक्के सुरू झाले. निळी वायर परत भिंतीतून घातली. आप्पांनी केबलवाल्याला बोलावून पेटीला बॅटरी लावायला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात." पुण्यात याचा अर्थ ज्याला कळतो त्याला कळतो. पुढच्या गुरुवारी बॅटरी आलेली नव्हती.

ते बरंच झालं. दीपमाला पुन्हा स्टुलावर बसली. रस्त्यापलीकडे टक, टक सुरू झालं. आकडा दहावरून पंधरावर गेला, परत दहावर आला. लाइन बंद आहे, एवढंच यंत्रानं सगळ्यांच्या पडद्यावर लिहून दाखवलं. आप्पांनी स्वतः प्रयोगशाळेत जाऊन सांगितलं, "टाकी चाललीय. वह्या काढा तवर." टाकी संपली, दिवा लागला, आणि पानं आपोआप यायला लागली. कुणी जिना चढून आलं नाही.

महिनाअखेरीला आप्पांनी तिला बोलावलं. पगार वाढवला नाही. म्हणाले, "मॅडम, दर महिन्याला कागद करायचा मला कंटाळा आलाय. वर्षाचा करतो. चालंल का?"

"चालेल," दीपमाला म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं खोलीच्या मालकाला वर्षाचा शब्द दिला.

दोन महिने तिनं पगारातून पैसे बाजूला टाकले. तिसऱ्या महिन्याचा पगार हाती आला, तेव्हा तिनं रजा काढली आणि घरी थांबली. गवंड्यानं फरशी फोडली, जुनं भांडं काढलं, उतार तपासला. उतार कमी आहे असं दीपमालाला वाटलं. तिनं बादलीभर पाणी ओतून दाखवलं. गवंडी चिडला, पण पाइप उकरून परत बसवला. मालनबाई दोन दिवस शेजारणीकडे जात होती आणि सिमेंट वाळलं का म्हणून विचारत होती.

सिमेंट वाळलं त्या रात्री मालनबाई जेवताना दोन भांडी पाणी प्यायली आणि वर तिनं चहा मागितला, पूर्ण कप. दाराची कडी धरून आता कुणी अंग ओढत नाही. दीपमालाच्या पगारातून आलं ते एवढंच: एक पांढरा कमोड, आणि उठताना धरायला भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा एक दांडा.